सिंहलद्वीपाचा ध्यास

मनोरथ सर्वच करितात. संकल्प करणारे विरळा. मनोरथास पैसा लागत नाहीं, श्रम लागत नाहींत, आणि तो मोडला तरी शेजार्‍यास कळतहि नाहीं. संकल्प एकदां केला म्हणजे मात्र माणसानें कोणती विद्या शिकावी, कोठें राहावें, कशावांचून चालवून घ्यावें, हें सारें तोच ठरवूं लागतो. आमच्या धर्मग्रामांतील पुष्कळ मुलें शाळा संपवून घरीं येतात तेव्हां मोठमोठीं स्वप्नें घेऊन येतात. दोनचार वर्षांत पहिली अडचण उभी राहते, आणि स्वप्न माळ्यावर जातें. त्यांच्यासाठीं ह्या ज्युबिली-पुस्तकांत एखादें चरित्र असावें असें आम्हांस वाटलें. दूर देशांतील थोर संतांचीं नांवें आपल्या तोंडीं आहेतच. आम्ही मात्र आपल्याच कोंकण किनार्‍यावर जन्मलेल्या, आपल्यासारखीच पेज पिऊन वाढलेल्या एका पुरुषाची गोष्ट सांगणार आहों. ते म्हणजे संत जोसेफ वाझ.

इ. स. १६५१ च्या एप्रिल महिन्याच्या २१ व्या तारखेस गोव्यांतील साष्टी प्रांतीं बाणावली गांवीं त्यांचा जन्म झाला. बाणावली हें त्यांचें आजोळ. वडील क्रिस्तोव्हांव वाझ हे सांकवाळचे. आईचें नांव मारिया द मिरांडा. घराणें ब्राह्मण कुळांतील, घरची भाषा कोंकणी. सांकवाळ येथें पोर्तुगीज व बाणावली येथें लॅटिन शिकून ते गोवा शहरीं गेले, आणि जेझुइट संघाच्या सेंट पॉल विद्यालयांत व नंतर डोमिनिकन संघाच्या विद्यालयांत त्यांनीं आपला अभ्यास पुरा केला. १६७६ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली.

त्या काळीं गोव्यांत देशी पाद्र्याची स्थिति कांहीं मोठी मानाची नव्हती. साष्टींतील इगर्ज्या जेझुइटांच्या हातीं, बारदेशांतील फ्रान्सिस्कनांच्या हातीं, आणि ह्या युरोपीय संघांचीं दारें देशी उमेदवारांस बहुतेक बंद होतीं. दीक्षा मिळे, पण करावयास काम मिळेलच अशी शाश्वति नसे. फादर वाझ ह्यांनीं ह्याबद्दल तक्रार करीत न बसतां सांकवाळ येथें लॅटिन शिकविण्याची शाळा काढली, प्रवचनें केलीं, लोकांचीं पापनिवेदनें ऐकलीं. दीक्षेपासून त्यांनीं पायांत जोडा घालणेंहि सोडून दिलें होतें. गरीब लोक चालतात तसें अनवाणी चालावयाचें, हा त्यांचा नेम. पाहणार्‍यांस तो वैराग्याचा एक प्रकार वाटला असेल. पण पुढें दहा वर्षांनीं ह्या अनवाणी पायांनीं त्यांचें केवढें काम केलें, तें यथास्थळीं येईल.

दुसर्‍याच वर्षीं, म्हणजे १६७७ च्या ऑगस्ट महिन्याच्या ५ व्या तारखेस, त्यांनीं सांकवाळ येथें एक दास्यपत्र लिहिलें. आपण कुमारी मरियेचे कायमचे दास झालों आहों, असा त्याचा आशय. त्या वेळीं गोव्याच्या बाजारांत माणसें खरोखरच विकलीं जात असत, हें ध्यानांत घेतलें म्हणजे दास ह्या शब्दाचें वजन कळतें. विकलेल्या दासास स्वतःची इच्छा राहत नाहीं. वयाच्या २६ व्या वर्षीं मोठी उमेद बाळगणार्‍या मनुष्यानें आरंभींच असें लिहून ठेवावें, हें आम्हांस प्रथम वाचतांना विचित्र वाटलें. पुढील हकीकत वाचल्यावर तसें वाटेनासें झालें.

आतां त्यांच्या उमेदीकडे वळूं. सिंहलद्वीप, ज्यास पुढें सिलोन व आतां श्रीलंका म्हणतात, त्याच्या किनार्‍यावर पोर्तुगीजांनीं सुमारें १५० वर्षें पाय रोवले होते, आणि तेथें हजारों लोक ख्रिस्ती झाले होते. १६५६ सालीं डचांनीं कोलंबो घेतलें, १६५८ सालीं जाफना घेतलें, आणि किनारा त्यांच्या ताब्यांत गेला. डच हे कॅल्विनपंथी. कॅथलिक पाद्र्यांस त्यांनीं हद्दपार केलें, देवमंदिरें काढून घेतलीं, आणि पाद्र्यास घरांत आसरा देईल त्यास देहान्त शासन, असा हुकूम काढला. मुलाचा बाप्तिस्मा व लग्नाची नोंद त्यांच्या धर्माधिकार्‍यापुढें करावी लागे. लोकांनीं वरकरणीं हें मान्य केलें आणि रात्रीं दारें लावून जपमाळ म्हटली. एक पिढी अशी गेली. मिस्सा म्हणजे काय हें ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें नाहीं अशीं मुलें मोठीं होऊन त्यांसहि मुलें झालीं. मरणार्‍यास शेवटचा संस्कार देण्यास कोणी उरलें नव्हतें.

ही हकीकत गोव्यांत सर्वांस ठाऊक होती, आणि पुष्कळांस हळहळहि वाटत होती. फादर वाझ ह्यांस तींत स्वतःचें काम दिसलें. युरोपीय पाद्री त्या बेटावर उतरतांच ओळखूं येणार. पण सांवळ्या वर्णाचा, अनवाणी चालणारा, डोक्यावर बोचकें घेतलेला कोंकणी मनुष्य चार हमालांत पांचवा म्हणून खपून जाईल. गोव्यांत ज्या वर्णामुळें मागच्या बांकावर बसावें लागत होतें, तोच तेथें उपयोगाचा होता. त्यांनीं नेमका असाच हिशेब केला होता कीं काय, हें सांगणारे आम्ही कोण? परंतु आपल्याजवळ नसलेल्या गोष्टींवर त्यांनीं बेत उभारला नाहीं, एवढें खास.

त्यांनीं तेथें जाण्याची परवानगी मागितली. ती मिळाली नाहीं. महागुरूची गादी त्या वेळीं रिकामी होती. कारभार पाहणार्‍या कॅनन मंडळानें १६८१ सालीं त्यांस कानडा प्रांताचे मुख्य पाद्री नेमून तिकडे धाडलें.

येथें थोडें थांबावें असें आम्हांस वाटतें. दक्षिणेकडील समुद्रापलीकडे जाण्याचा ज्याचा ध्यास, त्यास मंगळूर, बसरूर, गंगोळी व कल्याणपूर ह्या गांवांत पाठविलें. आणि तेंहि भांडणांत. कानड्यांतील ख्रिस्ती लोकांवर अधिकार कोणाचा, पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालील गोव्याच्या धर्मपीठाचा, कीं रोमहून परस्पर नेमलेल्या बिशपांचा, असा वाद तेथें पेटला होता आणि लोकांत तट पडले होते. ही नेमणूक पाहून दुसरा एखादा म्हणाला असता कीं, आपल्या स्वप्नाची वाट लागली. आणि तो एक तर रुसून घरीं बसला असता, नाहीं तर परवानगीवांचून जहाजावर चढला असता. फादर वाझ कानड्यास गेले. तीन वर्षें त्यांनीं तेथें मन लावून काम केलें. विखुरलेलीं कुटुंबें शोधून काढलीं, पडलेलीं देवमंदिरें उभीं केलीं, शाळा काढल्या, आणि दोन्ही पक्षांशीं सलोख्यानें वागून तंटा वाढूं दिला नाहीं. सिलोनचें नांव त्यांनीं टाकलें नाहीं. पण त्या नांवाखातर हातांतल्या कामांत कसूरहि केली नाहीं. ख्रिस्ती नसलेल्या राजाच्या राज्यांत, पाद्र्यावांचून राहिलेल्या लोकांस कसें गोळा करावें, एका गांवाहून दुसर्‍या गांवीं पायीं कसें फिरावें, ही जी विद्या पुढें त्यांस लागणार होती ती त्यांस कानड्यानेंच शिकविली. ज्यांनीं त्यांस तेथें पाठविलें त्यांच्या मनांतहि हें नसेल.

१६८४ सालीं ते गोव्यास परतले. त्या सुमारास कांहीं देशी पाद्री जुन्या गोव्याच्या टेकडीवरील चमत्कारी क्रूसाच्या मंदिरापाशीं एकत्र राहूं लागले होते. फादर वाझ त्यांस जाऊन मिळाले, आणि १६८५ सालीं संत फिलिप नेरी ह्यांच्या नियमाप्रमाणें चालणारा ऑरेटरी नांवाचा संघ तेथें स्थापन झाला. सर्वांनीं त्यांस वडीलपण दिलें. युरोपीय संघांचीं दारें ज्यांस बंद, त्यांनीं आपलें घर आपण बांधलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. सिलोनच्या दृष्टीनेंहि हें घर महत्त्वाचें होतें. एकटा गेलेला मनुष्य मेला म्हणजे त्याचें काम त्याच्याबरोबर जातें. मागें संघ असला तर एकाच्या जागीं दुसरा येतो.

पुढच्याच वर्षीं त्यांनीं वडीलपण खालीं ठेवलें. १६८६ सालीं, अखेर परवानगी घेऊन, ते गाजावाजा न करितां गोव्यांतून निघाले, ते पुन्हां गोव्यास आले नाहींत. बरोबर जुआंव नांवाचा जुना सेवक होता. मलबार किनार्‍यानें दक्षिणेस जात, पुढें तामिळ मुलखांत शिरून, १६८७ च्या ईस्टरच्या दिवशीं ते तुतीकोरीन बंदरीं पोंचले. तेथें त्यांनीं पाद्र्याचा झगा उतरविला आणि मोलकर्‍याचा वेष घेतला. कमरेस आंखूड वस्त्र, आणि पाय तर अकरा वर्षांपासून अनवाणीच. जोडा वापरणार्‍या माणसाचे तळपाय कोणीहि ओळखतो. ह्यांच्या तळपायांनीं पाद्री ओळखूं येण्याजोगा नव्हता. समुद्रांत वादळ झालें, तारूं भरकटत मन्नारकडे गेलें, आणि तेथून ते जाफन्यास पोंचले. मागणी केल्यापासून पाय टेकेपर्यंत सहासात वर्षें गेलीं होतीं. वय ३६.

ज्या भूमीचा इतका ध्यास घेतला तिनें त्यांचें स्वागत कसें केलें? प्रवासांतील हालांमुळें त्यांस अतिसार झाला. उठवेना, चालवेना. सांथीच्या भीतीनें लोकांनीं त्यांस दूर ठेवलें, आणि परक्या मुलखांत, भाषा नीट येत नसतां, ते आडरानांत पडून राहिले. त्या वेळीं एक बाई त्यांस पेज आणून देत असे, असें चरित्रांत सांगितलें आहे. तिचें नांव कोणी लिहून ठेवलें नाहीं. जुआंव हाहि आजारी पडला होता. दोघांतून जो आधीं उठला त्यानें दुसर्‍याकडे पाहिलें. आमची अशी समजूत आहे कीं, सिंहलद्वीपांतील ख्रिस्तसभेच्या पुनरुज्जीवनाचा इतिहास लिहितांना त्या पेजेच्या वाडग्यास पहिल्या पानावर जागा दिली पाहिजे.

बरें वाटूं लागल्यावर दुसरी अडचण. ख्रिस्ती कोण हें ओळखावें कसें? विचारण्याची सोय नाहीं. ज्यास विचारावें तोच डचांस कळविणारा निघाला तर सारेंच आटोपलें. त्यांनीं एक युक्ति केली. गळ्यांत जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागूं लागले, आणि भिक्षा घालणाराच्या हाताकडे न पाहतां त्याच्या डोळ्यांकडे पाहूं लागले. जपमाळ पाहून कोणी दचके, कोणी चोरून पुन्हां पाही. अशा रीतीनें एका घराचा विश्वास बसला, त्या घरानें दुसरें घर सांगितलें. मग रात्रीं मिस्सा, रात्रीं पापनिवेदन, रात्रीं बाप्तिस्मा. सुमारें ३० वर्षांनीं त्या लोकांनीं पवित्र साक्रामेंताचें दर्शन घेतलें. जे म्हातारे होते ते रडले असतील. लहानांस हें काय चाललें आहे हेंहि समजलें नसेल.

पुढें सिलालै ह्या गांवीं त्यांनीं ठाणें केलें, कारण तेथें कॅथलिक लोकांची वस्ती दाट होती. पण रात्रींचें गुपित फार दिवस टिकत नाहीं. डच सैनिकांनीं छापा घातला, कित्येक ख्रिस्ती पकडले गेले, आणि त्यांनीं मार व बंदिवास सोसला. पाद्री कोठें आहे हें मात्र सैनिकांस सांपडलें नाहीं. फादर वाझ ह्यांस जाफना सोडावें लागलें. १६९० सालीं ते पुत्तलम येथें गेले. तेथें डचांचा अंमल नसून कँडीच्या सिंहली राजाचा होता. दोन वर्षांनीं ते खुद्द कँडी नगरास निघाले.

कँडीचा राजा विमलधर्मसूर्य हा बुद्धधर्मी. दरबारांत एक फ्रेंच गृहस्थ होता, पंथानें कॅल्विनवादी. त्यानें राजाच्या कानांत घातलें कीं, हा पोर्तुगीजांचा हेर आहे. झालें, १६९२ सालीं ते नगरांत शिरले ते कैदी म्हणून. डचांच्या तावडींतून सुटून जेथें मोकळा श्वास घ्यावयाचा तेथेंच बेड्या! परंतु आतांपर्यंत आमच्या वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल कीं, ह्या मनुष्यास अडवून ठेवणारे लोक त्यास कांहीं ना कांहीं शिकवून जात. कैदेंत त्यांनीं सिंहली भाषा शिकून घेतली. पळून जाण्याचा विचार दिसत नाहीं असें पाहून पहारेकरी सैल झाले. तेव्हां त्यांनीं तेथेंच एक झोंपडी उभारली, तींत वेदी केली आणि मिस्सा म्हणूं लागले. हळूहळू त्यांस नगरांत फिरण्याची मोकळीक मिळाली आणि झोंपडीच्या जागीं मातेच्या नांवाचें देवमंदिर झालें.

१६९६ च्या अवर्षणांत त्यांनीं वेदी मांडून प्रार्थना केली आणि पाऊस पडला, सर्व भिजलें पण ते व वेदी कोरडीं राहिलीं, अशी कथा सर्व चरित्रांत आहे, आणि तिनें राजाचें मन वळलें असें म्हणतात. तिच्याविषयीं शंका घेण्याचें आमचें काम नाहीं. परंतु आम्हांस विचाराल तर त्या पावसापेक्षां पुढच्या वर्षींचें जें वर्तमान आहे तें अधिक थोर वाटतें.

१६९७ सालीं कँडींत देवीची सांथ आली. राजा व दरबारी लोक नगर सोडून गेले. ज्यास पुळी दिसेल त्यास नातेवाईक उचलून रानांत नेऊन टाकीत, आणि रानांतील जनावरें बाकीचें काम करीत. त्याच सुमारास गोव्याच्या ऑरेटरींतून तिघे पाद्री त्यांच्या मदतीस येऊन पोंचले होते. दहा वर्षें एकट्यानें काढल्यावर आलेली ही पहिली मदत. आतां तरी दौरे काढावे, ठाणीं वसवावीं, जो बेत मनांत इतकीं वर्षें होता तो पुरा करावा, असें वाटण्याची वेळ. त्यांनीं बेत बाजूस ठेवला. फादर जोसेफ कार्व्हालो ह्यांस बरोबर घेऊन ते रोज आजार्‍यांकडे जात. ओस पडलेल्या घरांत त्यांनीं रोग्यांस आणून निजविलें, त्यांचे फोड धुतले, अन्न भरविलें, मेलेल्यांस खांद्यावर घेऊन खड्डे खणून पुरलें. ख्रिस्ती कोण आणि बुद्धधर्मी कोण, हा प्रश्न त्यांनीं केला नाहीं. सांथ ओसरावयास महिनेच्या महिने लागले. राजा परत आला तेव्हां त्यानें पाहिलें कीं, आपण ज्या प्रजेस सोडून गेलों तिच्याजवळ हा परका कैदी राहिला होता. त्यानंतर राज्यांत कोठेंहि जाण्यास त्यांस आडकाठी राहिली नाहीं. जो बेत त्यांनीं बाजूस ठेवला होता तो रोग्यांच्या खाटांवरून चालत पुन्हां त्यांच्याकडे आला.

पुढील वर्षांत ते बेटभर फिरले. डचांच्या मुलखांतहि ते वेष पालटून जात. कोलंबोसारख्या बंदोबस्ताच्या शहरांत रात्रीं शिरून लोकांस संस्कार देऊन येत. कोचीनच्या बिशपांनीं त्यांस सिलोनकरितां आपले प्रतिनिधि नेमलें होतें. पुढें रोमच्या प्रतिनिधीच्या मनांत त्यांस बिशप करण्याचें आलें. तें त्यांनीं नाकारलें. १६७७ च्या दास्यपत्राची आठवण आम्हांस येथें होते. १७०५ सालीं आणखी पाद्री आले तेव्हां त्यांनीं बेटाचे आठ विभाग करून प्रत्येकावर एक एक पाद्री नेमला. त्यांत दिवाडीचे फादर जाकोम गोन्साल्व्हिस होते. सिंहली व तामिळ ह्या दोन्ही भाषांत त्यांनीं इतकी ग्रंथरचना केली कीं, सिंहली ख्रिस्ती वाङ्मयाचे जनक म्हणून त्यांस मान मिळतो. गोव्यांतील ह्या लहानशा संघानें पुढें १२५ हून अधिक वर्षें सिलोनास पाद्री पुरविले. १८३० नंतर पोर्तुगीज सरकारनें धर्मसंघ बंद केले, तेव्हां तो संघहि संपला.

शेवटच्या वर्षांत शरीर थकलें होतें. अनवाणी पायपीट, उपास, ताप, आणि एकदांहि पुरती विश्रांति नाहीं. तरी ते दौर्‍यावर जात, आणि चालवेनासें झालें तेव्हां बैलगाडींतून कँडीस आणले गेले. १७११ च्या जानेवारी महिन्याच्या १६ व्या तारखेस, वयाच्या ५९ व्या वर्षीं, त्यांनीं देह ठेवला. त्या दिवशीं बेटावरील कॅथलिकांची संख्या ७०,००० च्या घरांत होती असें चरित्रकार सांगतात. पंचवीस वर्षांपूर्वीं त्यांपैकीं कोणासहि पाद्री माहीत नव्हता.

१९९५ च्या जानेवारीच्या २१ व्या तारखेस पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं कोलंबो येथें त्यांस धन्य म्हणून घोषित केलें. पुढें वीस वर्षांनीं, २०१५ च्या जानेवारीच्या १४ व्या तारखेस, पोप फ्रान्सिस ह्यांनीं कोलंबोंतच समुद्रकांठच्या गॉल फेस मैदानावर, लक्षावधि लोकांसमक्ष, त्यांस संतपद दिलें. ज्या शहरांत ते अंधार पडल्यावर चोरासारखे शिरत, त्याच शहरीं त्यांचें नांव भर सकाळीं मोठ्यानें उच्चारलें गेलें. बाणावली व सांकवाळ येथील लोक दर वर्षीं १६ जानेवारीस त्यांचा सण करितात, आणि सांकवाळला पुष्कळ यात्रेकरू येतात. आमच्या वाचकांपैकीं कोणी गोव्यास गेले तर त्यांनीं तेथें अवश्य जावें.

कँडींत मात्र जाऊन पाहण्याजोगें फारसें उरलेलें नाहीं. त्यांच्या हातचें देवमंदिर पुढल्या छळाच्या दिवसांत मोडलें गेलें. त्यांस त्या नगरांत पुरलें होतें, पण त्यांची कबर नेमकी कोठें हें शोध करूनहि सांपडलेलें नाहीं.